जुन्या रोड सायकलला नवी रिम निवडताना

१९७० आणि १९८० च्या दशकांतली दहा गिअरची रोड सायकल, मग ती रॅले असो, प्यूजो असो की श्विन, आज हाती लागली तर फ्रेम बहुधा ठणठणीत निघते. रंग उडालेला असतो, केबल गंजलेल्या असतात, पण फ्रेम सरळ असते. चाकांचं तसं नसतं. क्रोम उडालेली स्टीलची रिम, आतून पोखरलेली, दोन ठिकाणी आत बसलेली, आणि आउट काढायला, म्हणजे चाकाची वाकडी चाल सरळ करायला गेलं की निपल (स्पोक रिमला आवळणारी बारीक चावी) फिरायच्या आधी स्पोक तुटतो. अशा वेळी सायकलवाला "रिम बदलून टाका" म्हणतो. ते बरोबरच आहे, पण कोणती रिम आणायची हे तो सांगत नाही.

रिम एकटी निवडता येत नाही. ब्रेकचे हात किती खाली पोचतात, हबला (चाकाच्या मधल्या तुंब्याला) स्पोकची भोकं किती आणि त्या मापाचा टायर मिळतो का, या तीन गोष्टी रिम ठरवतात. आवडीनिवडीचा प्रश्न त्यानंतरचा. उलट क्रमाने, म्हणजे आधी चकचकीत रिम आणून मग सायकलला लावून बघणारे बहुतेक जण एक जोडी फुकट घालवतात.

सध्याचं माप नेमकं कोणतं

टायरवर इंचात लिहिलेल्या मापावर विसंबू नका. "२८ इंच" या एका नावाखाली ६३५, ६२२ आणि ६४२ मिलिमीटर अशी तीन वेगवेगळी मापं येतात. "२६ इंच" तर त्याहून वाईट: २६ × १ ३/८ म्हणजे ५९०, जुन्या इंग्लिश हलक्या सायकलींचं २६ × १ १/४ म्हणजे ५९७, २६ × १ १/२ म्हणजे ५८४, आणि माउंटन बाइकचं २६ म्हणजे ५५९. यातला एकही टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही.

भरवशाचं माप ते ईटीआरटीओचं, म्हणजे टायर-रिमची मापं ठरवणाऱ्या युरोपीय संस्थेचं. टायरच्या बाजूवर ३२-६३० किंवा २८-६२२ असे दोन आकडे असतात. पहिला टायरची रुंदी, दुसरा रिमवर टायरची कड ज्या व्यासावर बसते तो व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. रोड सायकलपुरतं एवढं लक्षात ठेवा:

- २७ × १, २७ × १ १/८, २७ × १ १/४: तिन्ही ६३०
- ७०० सी: ६२२ (२८ × १ ५/८ × १ ३/८ असं लिहिलेला टायरही हाच)
- २६ × १ ३/८: ५९०
- रॉड ब्रेकच्या काळ्या घोड्याची, म्हणजे जुन्या साध्या काळ्या सायकलीची, २८ × १ १/२: ६३५

शेवटच्या प्रकाराबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकू. रॉड ब्रेक रिमच्या बाजूला नाही, आतल्या अंगाला लागतो. त्यासाठी वेस्टवुड आकाराचीच रिम लागते, जिच्या दोन्ही कडा गोल वळलेल्या असतात. ती आपल्याकडे अजून सहज मिळते, पण बाजूने दाबणारा कॅलिपर ब्रेक तिच्यावर नीट चालत नाही. रोड सायकलला ती बसवायची नाही.

टायरवरचे आकडे पुसले गेले असतील तर टायर काढून रिमच्या आत पाहा, कधीकधी तिथे छाप असतो. तोही नसेल तर ज्या गादीवर टायरची कड टेकते तिचा घेर पातळ टेपने मोजा आणि ३.१४ ने भागा. ६३० ची रिम असेल तर घेर सुमारे १९७९ मिमी येतो, ६२२ ची असेल तर १९५४. दोन्हींत २५ मिमीचा फरक आहे, त्यामुळे टेप जरा इकडेतिकडे झाली तरी गल्लत होत नाही.

स्टीलची रिम ठेवायची का

मूळ रूपात जतन करायची सायकल असेल आणि ती कोरड्या दिवशी सपाट रस्त्यावर तासभर चालणार असेल, तर क्रोमची चांगली रिम ठेवा. बाकी सगळ्यांनी बदला. कारण वजनाचं आहेच. या मापाची अ‍ॅल्युमिनियमची रिम साधारण ४५० ते ५५० ग्रॅमची असते आणि स्टीलची त्याहून बरीच जड. पण खरं कारण ब्रेक आहे. गुळगुळीत क्रोमवर पाण्याचा थर बसला की ब्रेक-रबर नुसतं घसरतं. रिजिडाच्या क्रोलक्स रिमवर ब्रेकच्या पट्टीत (रिमच्या बाजूला रबर घासतं त्या भागात) बारीक खळगे पाडलेले असत ते त्यासाठीच, आणि त्यानेही फार फरक पडत नाही. जुलैत सिंहगड उतरायचा असेल तर स्टीलची रिम लावून जाऊ नये. अ‍ॅल्युमिनियमवर ओल्यातही ब्रेक लागतो. पाणी पुसलं जाईपर्यंत पहिला चाकाचा फेरा जातो, एवढंच.

मूळची रिम अ‍ॅल्युमिनियमची असेल तर ती झिजली आहे का ते पाहा. ब्रेकच्या पट्टीला सरळ पट्टी आडवी लावा. मध्ये खोलगट दिसलं, किंवा भिंत १ मिमीच्या आसपास आली, तर रिम संपली. अशी रिम टायरच्या हवेच्या दाबाने चालता चालता फाटते आणि तेही बहुधा ब्रेक दाबताना. स्पोकच्या भोकांभोवती चांदणीसारखे बारीक तडे दिसले तरी तोच निकाल.

२७ ठेवायची की ७०० सी करायची

सगळ्यात जास्त विचार इथे लागतो.

२७ इंचाचे टायर बंद झालेले नाहीत. पानारेसर, कॉन्टिनेन्टल, केन्डा यांनी ते बनवले आहेत, पण निवड अगदी तुटपुंजी आणि आपल्याकडच्या दुकानांत जे पडून असतात त्यातले बरेच जुन्या मालातले. रबर हाताला कडक लागत असेल आणि बाजूच्या भिंतीवर केसासारख्या चिरा असतील तर "नवा" टायरही घेऊ नका. ७०० सी मध्ये मात्र २५ पासून ३५ पर्यंत हवा तो टायर कुठल्याही बऱ्या दुकानात मिळतो, आणि रिमचंही तसंच. म्हणून मिळालेली फ्रेम रोज चालवायची असेल तर ७०० सी कडे वळणंच आम्ही सुचवू. अट एकच: ब्रेक पोचला पाहिजे.

६३० आणि ६२२ मध्ये व्यासाचा फरक ८ मिमी, म्हणजे त्रिज्येचा ४ मिमी. ब्रेक-रबर तेवढं खाली आणावं लागतं. तपासायची पद्धत सोपी आहे. जुनी रिम जागेवर असतानाच, रबर नीट पट्टीच्या मध्यावर लागलेलं असताना, ब्रेकच्या हातावरच्या उभ्या खाचेत रबरच्या बोल्टखाली किती जागा उरली आहे ते मोजा. पुढे आणि मागे दोन्हीकडे, डावी-उजवी दोन्ही बाजू. मागचा ब्रेक फ्रेमवर बऱ्याचदा वेगळ्या उंचीला बसवलेला असतो, म्हणून पुढचं माप मागे धरून चालत नाही. ४ मिमी किंवा जास्त जागा उरली असेल तर काम झालं. वाइनमान, माफाक, डाय-कॉम्पे यांच्या सेंटर-पुल ब्रेकचे (केबल ज्यांना मधोमध वर ओढते त्यांचे) हात लांब असतात, त्यांना ही जागा बहुधा सापडते.

जागा ३ मिमीच असेल तर कानसीने खाच वाढवण्याचा मोह टाळा. हाताचं टोक तिथेच सगळ्यात बारीक असतं आणि जोर तिथेच येतो. नवा लांब हाताचा ब्रेक घ्या. मापं अशी: आखूड हात ३९ ते ४९ मिमी, मधले ४७ ते ५७, लांब ५५ ते ७३. टेक्ट्रोचा आर५५९ हा या शेवटच्या मापाचा. हे माप फ्रेमवरच्या ब्रेक-बोल्टच्या मध्यापासून रिमच्या पट्टीच्या मध्यापर्यंत उभं मोजायचं. घेताना बोल्टही पाहून घ्या. जुन्या फ्रेमला लांब बोल्ट आरपार जाऊन मागे साधा नट लागतो. नव्या ब्रेकचा बोल्ट आखूड असतो आणि त्याचा लांबट नट फ्रेमच्या भोकात आत शिरतो, त्यासाठी मागच्या बाजूचं भोक ८ मिमीचं लागतं.

शक्य असेल तर खरेदीपूर्वी कुणाचं तरी ७०० सी चं पुढचं चाक मागून घ्या आणि आपल्या फोर्कमध्ये लावून पाहा. पाच मिनिटांत उत्तर मिळतं आणि कागदावरच्या हिशेबापेक्षा ते पक्कं असतं.

सायकलची उंचीही थोडी बदलते. २७ × १ १/४ चं चाक जमिनीपासून अ‍ॅक्सलपर्यंत साधारण ३१५ + ३२ = ३४७ मिमी. ७०० × ३२ चं ३११ + ३२ = ३४३, आणि ७०० × २८ चं ३३९. म्हणजे २८ चा टायर लावला तर पॅडल जमिनीच्या ८ मिमी जवळ येतं. वळणावर पॅडल मारायची सवय असेल तर ३२ चा टायर लावा. मडगार्ड असतील तर टायर आणि मडगार्डमधली फट तेवढीच वाढेल. ती डोळ्याला खटकते, पण मडगार्डचे दांडे सरकवून जुळवता येते.

मूळची सायकल चिकटवायच्या ट्युब्युलर टायरवर असेल तर गोष्ट सोपी आहे. ट्युब्युलर रिमचा बाहेरचा घेर आणि ६२२ च्या साध्या रिमचा घेर जवळपास सारखाच असतो, ब्रेक एखादा मिलिमीटर हलवला की पुरे.

भोकं

हबच्या एका बाजूची भोकं मोजा आणि दुप्पट करा. पुढचा आणि मागचा हब वेगवेगळा मोजा. इंग्लिश सायकलींवर अनेक वर्षं पुढे ३२ आणि मागे ४० अशी पद्धत होती, आणि आपल्याकडच्या साध्या सायकलींना ती अजून आहे. नंतर दोन्हीकडे ३६ रूढ झाली.

३६ असेल तर निश्चिंत राहा. ४० असेल तर अडचण आहे, कारण ६२२ मापात ४० भोकांच्या रिम मुख्यतः दोघांच्या टँडम सायकलीसाठी बनतात, महाग असतात आणि मागवाव्या लागतात. ४० चा हब ३६ च्या रिममध्ये "जमवून" देतो असं कुणी म्हणालं तर नकार द्या. स्पोकचे कोन आणि ताण विषम होतात आणि असं चाक आठवड्याआड आउट होतं. त्यापेक्षा ३६ भोकांचा हब शोधा. पण फ्रेमची, मागचं चाक बसतं तिथली रुंदी मोजून: पाच चकत्यांच्या फ्रीव्हीलच्या काळातली १२० मिमी, सहा-सातच्या काळातली १२६, नंतरची १३०. फ्रेंच सायकलीचा हब बदलत असाल तर जुन्या फ्रीव्हीलचे आटे नव्या हबला लागणार नाहीत हे गृहीत धरा. फ्रेंच आटे ३४.७ मिमीचे आणि इंग्लिश १.३७ इंचाचे असतात. बळाने फिरवलं तर हबचे आटेच जातात.

जुना हब ठेवायचा ठरवलात तर तो उघडून पाहा. छर्रे आणि छर्रे दाबून धरणारे कोन-नट बदलता येतात, पण छर्रे जिच्यात फिरतात ती हबमधली वाटी खरवडली असेल तर नवी रिम त्यावर बांधण्यात पैसे आणि दिवस दोन्ही वाया जातात.

रुंदी, कड आणि खण

आतली रुंदी, म्हणजे टायरच्या दोन कडांमधली जागा, १५ ते १९ मिमी असावी. १५ ला २३ ते ३२ चे टायर चालतात, १७ ला २५ पासून पुढे, १९ ला २८ पासून पुढे. बाहेरची रुंदी यापेक्षा साधारण ५ मिमी जास्त धरा. २० ते २३ मिमी बाहेरची रुंदी जुन्या कॅलिपरमध्ये आरामात मावते. स्टीलची जुनी रिम अधिक रुंद असेल तर नव्या रिमवर रबर पट्टीपर्यंत यायला केबल थोडी खेचावी लागेल, बाकी काही नाही.

कडेला आतल्या बाजूने हूक हवा, म्हणजे आत वळलेला बारीक ओठ, जो टायरची कड धरून ठेवतो. जुन्या स्टीलच्या आणि स्वस्त अ‍ॅल्युमिनियमच्या रिमला तो नसतो. भिंत सरळ वर जाते. अशा रिमवर ७० पीएसआयच्या वर हवा भरली तर टायर कडेवरून उडून ट्यूब बंदुकीच्या आवाजाने फुटते. १९७० च्या दशकाच्या मध्यावर मॅव्हिकने हूक असलेली मॉड्यूल ई आणली आणि तिच्याबरोबर मिशलिनचा एलान टायर आला, तेव्हापासून साध्या ट्यूबवाल्या टायरमध्ये शर्यतीच्या टायरइतकी हवा भरता येऊ लागली. नव्या रिममध्ये बोट फिरवून ओठ आहे याची खात्री करा.

त्यानंतर खण. रिमचा काप एकपदरी असतो किंवा डबीसारखा दुपदरी. दुपदरीच घ्या. आपल्या रस्त्यांवर एकपदरी रिम पहिल्या मोठ्या खड्ड्यात उभी बसते, आणि एकदा बसली की आउट काढून सरळ होत नाही. भोकांना आयलेट, म्हणजे धातूच्या बारीक कड्या, असल्या तर उत्तम. दुहेरी आयलेट, ज्या वरच्या आणि खालच्या दोन्ही पदरांना धरतात, सगळ्यात चांगल्या. त्यात निपल सहज फिरतं आणि ताण दोन्ही पदरांवर वाटला जातो.

दिसण्याबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: त्या काळच्या बारीक नळ्यांच्या फ्रेमला १३ ते १५ मिमी उंचीची, चांदीच्या रंगाची चौकोनी डबी-रिमच शोभते. एच प्लस सनची टीबी१४ (बाहेरून २३ मिमी, पॉलिश केलेली), सन रिंगलेची सीआर१८, व्हेलो ऑरेंजच्या रिम, ही नावं त्यासाठी शोधा. सीआर१८ ही ६३० मापातही बनलेली आहे, त्यामुळे ज्यांचा ब्रेक पोचत नाही आणि ज्यांना २७ च ठेवायची आहे त्यांनी तिच्यापासून सुरुवात करावी. ३० मिमी उंच काळी व्ही-आकाराची रिम जुन्या फ्रेमवर परकी दिसते, शिवाय लांब नळीची ट्यूब मागते.

बाजारात हमखास फसायच्या चार जागा:

डिस्क ब्रेकसाठीची रिम. आज ७०० सी नावाने विकल्या जाणाऱ्या बऱ्याच रिमना बाजूला ब्रेकची पट्टीच नसते. रंगवलेली, गोलसर बाजू असते. तिच्यावर कॅलिपर लावला तर पहिल्याच आठवड्यात रंग खरवडून रबरात जातो आणि ब्रेक तर लागत नाहीच. पट्टी सपाट, उभी आणि बिनरंगाची हवी.

२९ इंची माउंटन बाइकची रिम. व्यास ६२२ च आहे, म्हणून दुकानदार "बसते" म्हणतो. आतली रुंदी २५ च्या वर असेल तर २८ चा टायर तिच्यावर बसवू नये, आणि जुन्या ब्रेकमध्येही ती मावत नाही.

ट्युब्युलर रिम. जुन्या मालात मॅव्हिक जीपी४ सारख्या सुंदर रिम स्वस्तात दिसतात. वरून पाहिलं तर टायरसाठी खोबण नसते, नुसता उथळ गोलवा असतो. टायर चिकटवायची तयारी नसेल तर सोडून द्या.

व्हॉल्व्हचं भोक. बारीक नळीच्या प्रेस्टा व्हॉल्व्हसाठी ६.५ मिमी, जाड नळीच्या मोटारी व्हॉल्व्हसाठी ८.५ मिमी. मोठ्या भोकात प्रेस्टा बसवायची तर रबराची किंवा पितळेची बारीक बांगडी घाला, नाहीतर नळीच्या बुडाशी ट्यूब कापली जाते. छोटं भोक मोठं करता येतं, पण अरुंद रिमवर करू नये.

ईआरडी आणि स्पोकची लांबी

रिम ठरली की जुने स्पोक चालतील का हा प्रश्न येतो. उत्तर ईआरडीवर अवलंबून आहे. ईआरडी म्हणजे समोरासमोरच्या दोन स्पोकची टोकं रिममध्ये जिथे संपायला हवीत तिथला व्यास. ६२२ च्या दोन वेगवेगळ्या रिमची ईआरडी १० मिमीने वेगळी असू शकते. कंपन्यांच्या मोजण्याच्या पद्धतीही वेगवेगळ्या असतात, म्हणून छापील आकडा घेऊन स्पोक मागवू नका.

मोजायचं असं. दोन जुने स्पोक बरोबर २०० मिमीवर कापा. माप आट्यांच्या टोकापासून घ्यायचं. त्यांना निपल लावा आणि स्पोकचं टोक निपलच्या पेचकसाच्या खाचेच्या तळाशी येईपर्यंत फिरवा. हे दोन्ही रिमच्या बरोबर समोरासमोरच्या भोकांतून आत घाला, ताणून धरा आणि कापलेल्या टोकांमधलं अंतर मोजा. त्यात ४०० मिळवा. रिमवर तीन ठिकाणी असंच करून सरासरी काढा. तीन मापांत २ मिमीहून जास्त फरक आला तर ती रिम गोल नाही, परत करा.

हबची दोन मापं लागतात. एक, फ्लँजवरच्या (स्पोकची भोकं असलेल्या हबच्या चकतीवरच्या) समोरासमोरच्या भोकांच्या मध्यांमधलं अंतर. दुसरं, हबच्या मध्यापासून फ्लँजच्या मध्यापर्यंतचं अंतर. हबचा मध्य म्हणजे दोन्ही लॉकनटांच्या (फ्रेमला आतून टेकणाऱ्या नटांच्या) बाहेरच्या तोंडांमधला मध्य, हबच्या नळीचा नव्हे. मागच्या चाकात इथेच चूक होते.

सूत्र: लांबी = वर्गमूळ (र² + ह² + फ² − २ × र × ह × कोसाइन θ) − हबच्या भोकाचा अर्धा व्यास. र म्हणजे ईआरडीचा निम्मा, ह म्हणजे फ्लँजच्या वर्तुळाचा निम्मा, फ म्हणजे मध्यापासून फ्लँज. θ म्हणजे आडव्या छेदांची (एक स्पोक वाटेत जितक्या स्पोकना ओलांडतो त्यांची) संख्या गुणिले ७२०, भागिले एकूण भोकं. ३६ भोकं आणि तीन छेद असतील तर ६० अंश, ४० भोकं आणि चार छेद असतील तर ७२ अंश.

उदाहरण घेऊ. ईआरडी ६०२, लहान फ्लँजचा हब ४५ मिमीचा, पुढच्या चाकाला फ ३५, भोक २.४ मिमी. तेव्हा ९०६०१ + ५०६ + १२२५ − ६७७२ = ८५५६०. वर्गमूळ २९२.५, त्यातून १.२ वजा, म्हणजे २९१ मिमी. मागच्या चाकात फ्रीव्हीलच्या बाजूला फ २० धरला तर २९० येतं. हाच पुढचा हब ८ मिमी मोठ्या ईआरडीच्या, म्हणजे २७ इंची भावंडाच्या रिमवर बांधला तर २९५ लागतं. यावरून दिसेल की २७ वरून ७०० सी वर येताना जुने स्पोक साधारण ४ मिमी लांब पडतात. ते वापरले तर आटे संपतात, निपल पुढे घट्ट होत नाही, आणि एकपदरी रिममध्ये टोक ट्यूबमध्ये घुसतं. ६७ मिमीच्या मोठ्या फ्लँजचा हब असेल तर वरच्या उदाहरणात २९१ ऐवजी २८७ येतं. फ्लँज नजरेने ठरवू नका.

स्पोक आखूड पडले तर ते अधिक वाईट. आटे निपलच्या मानेपर्यंत पोचत नाहीत आणि काही महिन्यांत निपलचं डोकं तुटून रिममध्ये खुळखुळतं. उत्तर दोन मापांच्या मध्ये आलं तर दुपदरी रिमला जवळचं माप घ्या. एक मिलिमीटर इकडेतिकडे चालतो.

नवी आणि जुनी ईआरडी १-२ मिमीच्या आत असेल आणि स्पोक स्टेनलेस असतील तरच ते पुन्हा वापरा. मग नवी रिम जुन्या रिमला व्हॉल्व्हची भोकं जुळवून चिकटपट्टीने बांधायची आणि एकेक स्पोक पलीकडे सरकवायचा. जस्ताचे राखाडी, पांढरी भुकटी आलेले स्पोक फेकून द्या. नवे घेताना १४ गेजचे (२ मिमी) स्टेनलेस, आणि बजेट असेल तर मध्ये १.८ मिमी बारीक केलेले. मधला बारीक भाग किंचित ताणला जातो, त्यामुळे कोपराशी तुटण्याचं प्रमाण कमी होतं.

जुन्या मालातली रिम घेताना

न वापरलेली जुनी रिम मिळाली तर ती कडप्प्याच्या ओट्यावर किंवा काचेवर आडवी ठेवा. खाली कुठेही १ मिमीहून जास्त फट नसावी. जोडावरून नख फिरवा. पायरी लागली तर प्रत्येक फेऱ्याला ब्रेक धक्का देईल. बारीक पायरी पॉलिश कागदाने काढता येते, जाड नाही. भोकं एकाआड एक डावी-उजवीकडे सरकलेली आहेत का, आणि व्हॉल्व्हशेजारचं पहिलं भोक कुठल्या बाजूला आहे ते लिहून ठेवा. सगळ्या कंपन्या एकाच बाजूला ठेवत नाहीत, आणि बांधताना हे उलटं झालं तर सगळे स्पोक वाकडे शिरतात.

बांधणाऱ्याला काय सांगायचं

चाक स्वतः बांधत नसाल तरी या गोष्टी सांगा. जुन्या हबच्या भोकांशी स्पोकच्या कोपरांनी खुणा पाडलेल्या असतात. नवे स्पोक त्याच दिशेने, त्याच छेदांनी भरा. उलट दिशेने भरले तर जुन्या फ्लँजला तडा जाण्याचा धोका असतो. जुन्या हबला सरळ, बिनछेदाचे स्पोक कधीच नाहीत. आट्यांना तेल आणि निपलच्या बुडाला ग्रीस. ताण अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने वाढवायचा. पुढे ९० ते १०० किलो, मागे फ्रीव्हीलच्या बाजूला १०० ते ११०, रिमवर कंपनीने कमी मर्यादा दिली असेल तर ती. डावी बाजू आपोआप सैल राहते, ती उजवीइतकी करायला गेलं की चाक मध्यावर राहत नाही. आउट काढताना आडवी आणि उभी दोन्ही चूक अर्ध्या मिलिमीटरच्या आत. शेवटी समांतर स्पोकच्या जोड्या हाताने जोरात दाबायच्या आणि पुन्हा आउट काढायचा. हे न करता दिलेलं चाक पहिल्या चढावर "टिंग-टिंग" आवाज करत सैल होतं.

टेप आणि ब्रेक

जुनी रबरी रिम-पट्टी दुपदरी रिमवर चालत नाही. जास्त हवेने ट्यूब ती पट्टी भोकांत दाबते आणि आतल्या अंगाला पंक्चर होतं. पंक्चर काढताना भोक रस्त्याच्या बाजूला नसून स्पोकच्या बाजूला दिसलं तर काटा शोधत बसू नका, पट्टी बघा. कापडी चिकट टेप लावा, रुंदी रिमच्या खोलगट भागाएवढी: १५ आतल्या रुंदीला साधारण १६ मिमीची टेप. ती जास्त रुंद झाली तर टायरची कड तिच्यावर चढून वाकडी बसते. २७ इंचाची जुनी ट्यूब चांगली असेल तर ती ७०० × २८ ते ३२ मध्ये चालते.

ब्रेक-रबर नवंच घ्या. स्टीलवर वर्षानुवर्षं चाललेलं रबर दगडासारखं झालेलं असतं आणि त्यात अडकलेली खडी नव्या अ‍ॅल्युमिनियमला चरे पाडते. कूल-स्टॉपचं केशरी रबर दोन्ही धातूंवर चांगलं चालतं. बसवताना रबर वर टायरला लागणार नाही आणि खाली रिमच्या बाहेर लोंबणार नाही हे पाहा. २७ वरून ७०० सी वर आलेल्या सायकलीत ते वर राहून टायरची भिंत कापण्याची शक्यता जास्त.

पहिल्या ८०-१०० किलोमीटरनंतर चाक पुन्हा स्टँडवर लावून आउट बघा, निपल थोडे बसलेले असतात. पावसात चालवल्यावर ब्रेक-रबर काढून त्याच्या तोंडावर अ‍ॅल्युमिनियमचे चमकणारे कण रुतले आहेत का ते पाहा आणि टोकदार दाभणाने उचकून काढा. चाक फिरताना ब्रेक लावल्यावर करकर आवाज आला तर तो बहुधा याच कणांचा असतो.